डोक्यापाशीचं स्टूल

‘सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण’ अशी म्हण तिकडे प्रसिद्ध आहे. सुरतेला मी पोटभर जेवले आणि काशीला न जाताच जिवंतपणी जळून आले. परत येऊन बरेच दिवस झाले, तरी भाकरी थापताना मध्येच आठवण येते आणि भाकरीवर हात जास्तच जोरात पडतो. भेटणारी प्रत्येक बाई विचारते, “कशी होती गं सुरत? साड्या आणल्या का?” साड्या आणल्या नाहीत. जे आणलं ते सांगायला लागले की समोरची बाई घड्याळाकडे बघते. म्हणून लिहून काढते आहे. साड्यांचं वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं.

मी दोंडाईच्यात एका खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे. नर्सिंगची पदवी घेतली, थोडे दिवस आयसीयूत होते, मग ऑपरेशन थिएटरला आले ती तिथेच राहिले. आमच्यासारख्या गावात भूल देणारे डॉक्टर एका हॉस्पिटलचे नसतात. ते गाडी घेऊन फिरतात. आमच्याकडे बोरसे सर येतात. पेशंटच्या कमरेत सुई देतात, पाय बधिर झाले का बघतात, सर्जननं सुरी लावली की घड्याळ बघतात आणि म्हणतात, “सिस्टर, बघा जरा.” तेवढं म्हणून ते शहाद्याच्या वाटेला लागलेले असतात, कारण तिथे दुसरा पेशंट टेबलावर झोपून वाट बघत असतो. मग पेशंटच्या डोक्यापाशी जे लोखंडी स्टूल असतं, त्याच्यावर मी बसते. बीपी मी बघते, ऑक्सिजन मी बघते, सलाइन मी कमीजास्त करते.

कमरेखाली बधिर असला तरी पेशंट जागा असतो. तोंडासमोर हिरवा पडदा, त्यामुळे त्याला काही दिसत नाही. तो हमखास विचारतो, “माझ्या डोक्यापाशी कोण आहे?” मी सांगते, “डॉक्टर इथंच आहेत.” इतकी वर्षं मी हे खोटं बोलत आले आणि ते ऐकून माणसं शांत झाली.

एकदा एका बाळंतिणीचं बीपी माझ्यासमोर खाली आलं. ओठ पांढरे पडले, बाई “मला कसंतरी होतंय” म्हणाली आणि बोलायची थांबली. मी बोरसे सरांना फोन लावला. ते गाडी चालवत होते. त्यांनी इंजेक्शनाचं नाव सांगितलं, मी दिलं, बाई परत आली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईनं पेढे आणले, ते बोरसे सरांना. पेढ्यांचं मला काही नाही, मला गोड आवडतही नाही. पण त्या दिवशी मी घाबरले होते. काय करायचं ते फोननं सांगितलं होतं, का करायचं ते मला माहीत नव्हतं आणि फोन लागला नसता तर काय, याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. त्या भीतीपायीच मला शिकायचं होतं.

म्हणून सुरतेच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॉलेजात नर्सेससाठी भूलशास्त्राचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्यानं सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा मी त्याच दिवशी अर्ज केला. थिएटरच्या अनुभवाला प्राधान्य, असं त्यात लिहिलं होतं. मी म्हटलं, हे तर माझ्यासाठीच आहे. बोलावणं आलं. पहिल्या दिवशी लेखी परीक्षा, दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये उभं राहून काम बघणं, तिसऱ्या दिवशी मुलाखत. हॉस्पिटलातल्या पोरी म्हणाल्या, “जा, सुरत लुटून ये.”

नवापूर

रेल्वेनं सुरतेला जाताना नवापूर लागतं. तिथलं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातेत. फलाटावर एक बाकडं असं आहे की एका टोकाला बसलं तर आपण महाराष्ट्रात आणि जरा सरकलं की गुजरातेत. लोक उतरून त्याच्यावर फोटो काढतात. मीही खिडकीतून कौतुकानं बघितलं. गुजरातेतली नोंदणी नाही म्हणून सुरतेच्या ऑफिसातला एक बाबू आधीच माझ्यावर फोनवर खेकसला होता. नर्स म्हणून माझी नोंदणी महाराष्ट्रातली आहे. त्याला काय वाटतं, उकाई धरणाच्या पलीकडे माणसाचं काळीज उजव्या बाजूला असतं? बाकड्याला दोन्ही राज्यं चालतात, मला चालत नाहीत. तेव्हा हसू आलं होतं. ते हसू त्या प्रवासातलं शेवटचं, असं म्हणणार नाही, कारण पुढे मावसा आहेत.

डिंडोली

मावसा उधन्याला लूमच्या कारखान्यात आहेत. माझी मावशी आणि ते लग्नानंतर लगेच खानदेश सोडून सुरतेला आले आणि डिंडोलीत राहिले. त्यांच्या गल्लीत उभं राहिलं तर आपण अमळनेरला आहोत की सुरतेत, कळत नाही. दारात वाळत घातलेले पापड आपले, भांडणं आपली, शिव्याही आपल्याच. फक्त पोरं आईला अहिराणीत उत्तर देतात आणि आपसात गुजरातीत खेळतात.

मी दारात पाऊल टाकलं आणि मावशी म्हणाली, “कितली वायी गयी वं माय तू! पोटमा काही शे का नई?” मी वाळलेली अजिबात नाही. पण मावशीच्या मते तिची सगळी भाचरं वाळलेली असतात. तिनं शेवभाजी आणि कळण्याची भाकर केली होती. शेवभाजीत तिनं थोडी साखर घातली होती. सुरतेत इतकी वर्षं काढल्यावर माणसाच्या हातून एवढं होणारच.

मावसांचं सगळं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं आणि ते ओरडूनच बोलतात. गुपितसुद्धा ओरडून सांगतात. मुलाखतीचं कळल्यावर ते माझ्या जवळ सरकले, इकडेतिकडे बघितलं आणि कानाशी येऊन गर्जले, “खोटं बोली टाक! नोकरीले अन् लगीनले खोटं चालस!”

मावशी आतून म्हणाली, “बोंबला नका, समदी सोसायटी आयकी ऱ्हायनी.”

“खरं बोलीसन कोन्हं भलं व्हयनं?” मावसांनी समद्या सोसायटीला विचारलं.

मला त्यांचा राग आला. मी म्हटलं, मावसा, मला खोटं बोलायची गरजच काय? जे काम त्यांना शिकवायचंय ते मी रोज करते. मावसांनी माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

पहिल्या दिवसाची परीक्षा झाली. पेपर चांगला गेला, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच सांगते की बाकीच्या मुली माझ्यापेक्षा लहान होत्या. माझ्या शेजारी बसलेली नवसारीची हेतल मला ‘आंटी’ म्हणाली आणि मग जीभ चावून ‘दीदी’ म्हणाली.

दोन नंबरचं थिएटर

दुसऱ्या दिवशी आम्हा उमेदवारांना हिरवे कपडे घालून थिएटरमध्ये भिंतीला लागून उभं केलं. कशाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. भूल विभागाचे प्रमुख स्वतः तिथे होते. त्यांना सगळे मोटासाहेब, म्हणजे मोठे साहेब, म्हणत. थिएटरमधल्या सीनियर सिस्टर होत्या निर्मलाबेन. पिकलेले केस टोपीत कोंबलेले, चष्म्याला मागून दोरी. माझ्या बिल्ल्यावरचं गाव वाचून त्या मराठीत म्हणाल्या, “दोंडाईचा? अगं, मी शिंदखेड्याची! लग्न होऊन इकडे आले ती इकडचीच झाले. हवे मराठी बोलायला गेले तर पण मधे गुजरातीच येते बघ.” शिंदखेडा आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. परक्या गावात, तेही थिएटरमध्ये, आपल्याकडचं माणूस भेटल्यावर मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं.

टेबलावर पित्ताशयाचा पेशंट होता. मोटासाहेबांनी भूल दिली. खोटं कशाला बोलू, हात सोन्याचे होते त्या माणसाचे. पेशंट झोपला, नळी आत गेली, सगळं लोण्यासारखं. आम्ही सगळ्या माना उंच करून बघत होतो. इतकं सुंदर काम मी आधी बघितलं नव्हतं आणि हे मला शिकायला मिळणार, या विचारानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्क होता म्हणून निभावलं.

सर्जननं काम सुरू केलं. मोटासाहेबांचा फोन वाजला. ते बोलत बोलत दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, “निर्मलाबेन, जरा जोजो.”

आणि गेले.

निर्मलाबेननी पायानं स्टूल ओढलं आणि पेशंटच्या डोक्यापाशी बसल्या. नजर मॉनिटरवर, बोटं पेशंटच्या जबड्यापाशी. कोणी चमकलं नाही. सर्जननं मान वर केली नाही. मी मात्र भिंतीला टेकले. ‘सिस्टर, बघा जरा.’ ‘निर्मलाबेन, जरा जोजो.’ तेच वाक्य, फक्त गुजरातीत. मला वाटत होतं, हे आमच्या गावातलं दारिद्र्य आहे. भूलतज्ज्ञ पुरत नाहीत, बिचारे बोरसे सर तरी काय करतील, असं मीच लोकांना सांगायची. इथे तर काचेची दारं, आपोआप उघडणारी, कॉरिडॉरमध्ये गणपतीची संगमरवरी मूर्ती आणि त्याच्यासमोर रोज ताजे हार. आणि तरी स्टूल तेच. फरक एवढाच की सुरतेच्या स्टुलाला चाकं होती.

टाके घालायची वेळ आली तेव्हा मोटासाहेब परत आले. त्यांनी पेशंटला जागं केलं, कागदावर सही केली आणि आमच्याकडे वळून बोट वर करून सांगितलं, “देखो, याद रखना. अ‍ॅनेस्थेशिया देनेवाला पेशंट को एक मिनट भी नहीं छोड़ता.”

त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी निर्मलाबेनकडे बघितलं. त्या नळ्या गुंडाळत होत्या. मला वाटलं, मी आत्ता काहीतरी बोलेन. पण मी भिंतीला लावलेली उमेदवार होते, मला कशाला हात लावायचा नव्हता.

कपडे बदलायच्या खोलीत निर्मलाबेननी आम्हा सगळ्यांना जवळ घेतलं. “उद्या साहेब विचारणार, डॉक्टर मधे निघून गेले तर पेशंटपाशी कोण? कोणाचीही मुलाखत घेतली की हेच विचारतात. सांगायचं, आमचे डॉक्टर जातच नाहीत. बस. समजलं ने?” पोरींनी माना हलवल्या. हेतलनं तर ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं. निर्मलाबेन माझ्याकडे वळल्या. “तू पण हं, दोंडाईचा. तुझ्या नाकावर राग दिसतो मला.”

पोंक

त्या संध्याकाळी माझं तोंड बघून मावशीनं ठरवलं की मला पोंक खायला घालायचाच. थंडीचे दिवस होते. तापीच्या काठाला पोंकाच्या गाड्या ओळीनं लागलेल्या. पोंक म्हणजे आपला हुरडाच, कोवळी भाजलेली ज्वारी. पण सुरतेत तो वजनावर मिळतो, पुड्यात बांधून. सोबत लिंबू-मिरीची शेव, साखरेचे दाणे आणि वर ताक. गाड्यांमधून उतरलेली मोठी मोठी माणसं फूटपाथवर उभी राहून लहान पोरासारखी बोटं चाटत होती. सुरतेच्या माणसाला खाताना लाज वाटत नाही, ही गोष्ट मला त्या गावाची मनापासून आवडली.

चव झकास होती, हे कबूल करते. पण पुडा हातात घेतल्यावर काहीतरी खटकत होतं. हुरडा विकत घ्यायचा असतो, हेच मला माहीत नव्हतं. आमच्याकडे हुरड्याला बोलावतात. ज्याचं शेत तो बोलावतो, आगटीभोवती बसवतो, तळहातावर कणीस चोळून गरम दाणे आपल्या हातात टाकतो. आणि चोळणाऱ्याच्या हाताला चटके बसतात ते सगळे बघतात, त्याला आधी ताक देतात. इथे पुड्यातले दाणे कोणी चोळले, कोणाचे हात भाजले, काही कळायला मार्ग नाही. मी हे मावशीला म्हटलं तर ती म्हणाली, “तू खाय ना वं माय. थंडं व्हई जाई.”

मी खाल्लं, पण मनातून निर्मलाबेन जाईनात.

मुलाखत

टेबलामागे मोटासाहेब, त्यांच्या उजव्या हाताला नर्सिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल मॅडम आणि कडेला संस्थेचे कोणीतरी, जे पूर्ण वेळ मोबाइलमध्ये होते. उमेदवारांना आत सोडायचं काम निर्मलाबेनकडे होतं. त्या दारातच उभ्या राहिल्या. माझ्या आधी हेतल गेली आणि हसत बाहेर आली. मला अंगठा दाखवला.

मॅडमनी सुरुवात केली. लग्न झालंय का? झालंय. मुलं? एक मुलगी. मग दोन वर्षं घरचं कोण बघणार? मी म्हटलं, “नवरा बघेल, त्याला स्वयंपाक येतो.” मॅडम जरा नाराज झाल्या, नवऱ्याला स्वयंपाक येणं म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असल्यासारखं. मग मोटासाहेबांनी औषधांबद्दल विचारलं. जे येत होतं ते सांगितलं, जे येत नव्हतं त्याला ‘येत नाही’ म्हटलं. ते मान हलवत होते. सगळं बरं चाललं होतं.

“आपके यहाँ अ‍ॅनेस्थेटिस्ट बाहर से आते हैं?”

“हो सर. जी.”

“बीच में चले जाते हैं?”

दारातून निर्मलाबेननी खोकल्यासारखं केलं. मला मावसांची गर्जना आठवली. वाक्य तयार होतं, एवढंसं वाक्य. ‘आमचे डॉक्टर जातच नाहीत.’ ते म्हटलं असतं तर आज मी सुरतेत असते, आणि मावशीची गोड शेवभाजी खात असते. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या बाळंतिणीचे पांढरे ओठ आले. तिच्यासाठी मी इथवर आले होते. तिलाच पुसून टाकायचं आणि आत शिरायचं, हे मला जमेना.

“जाते हैं,” मी म्हटलं.

“फिर पेशंट के पास कौन रहता है?”

“मैं.”

मोबाइलमधले गृहस्थसुद्धा वर बघायला लागले. मॅडमनी घाईनं सावरून घेतलं, “मतलब, डॉक्टर की देखरेख में. यही ना?”

“देखरेख में नहीं, मॅडम. फोन पर.”

मोटासाहेब मागे रेलले. रागावले नाहीत, हे विशेष. समजूतदार आवाजात, मुलीला सांगावं तसं म्हणाले, “बेटा, यह तुम अनुभव बता रही हो या गुनाह?”

मी म्हटलं, “सर, पेशंटला टाकून मी उठून गेले असते तर तो गुन्हा झाला असता.” हे मराठीतच बोलले. राग आला की मला हिंदी सुचत नाही. त्यांना कळलं असावं.

त्यांनी माझी फाइल उघडली. आमच्या हॉस्पिटलनं दिलेल्या दाखल्यात ‘वॉर्डमधील सर्वसाधारण सेवा’ एवढंच लिहिलं होतं. मी थिएटरचं लिहा म्हणून हट्ट धरला तेव्हा आमचे मालक डॉक्टर म्हणाले होते, “वेडी आहेस का? ते कागदावर येऊ द्यायचं नसतं.” मोटासाहेबांनी ती ओळ बोटानं दाखवली. “यहाँ तो कुछ नहीं लिखा. मतलब आपके पास इस काम का अनुभव नहीं है.”

काम करायला मी होते, सांगायला गेले तर गुन्हेगार, आणि लिहायला गेले तर मी तिथे कधी नव्हतेच. काल दोन नंबरच्या थिएटरमध्ये काय झालं, कोण स्टुलावर बसलं, किती वेळ बसलं, सगळं जिभेवर आलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझी नजर दाराकडे गेली.

निर्मलाबेन हात जोडून उभ्या नव्हत्या, खुणा करत नव्हत्या. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. चष्म्याची दोरी त्यांनी बोटाला गुंडाळली होती. मी बोलले असते तर मोटासाहेबांना काही झालं नसतं. त्यांनी चौकशी लावली असती आणि त्या चौकशीत सापडल्या असत्या निर्मलाबेन. स्टुलावर त्याच बसल्या होत्या ना.

मी तोंड मिटलं. इतका राग मी आयुष्यात कधी गिळला नव्हता. “ठीक आहे,” एवढं म्हटलं आणि उठले.

संध्याकाळी यादी लागली. हेतलचं नाव होतं. पोरगी हुशार आहे, चांगली भूल देईल, तिच्यावर माझा राग नाही. माझं नाव नव्हतं. ऑफिसातल्या बाबूला कारण विचारलं तर तो म्हणाला, “अनुभव ओछो छे, बेन.” अनुभव कमी आहे.

उधना

दुसऱ्या दिवशी उधन्याहून गाडी होती. मावशीनं शेवभाजीचा डबा, पोंकाचा पुडा आणि मला नको असलेली साडी दिली. साडी मी परत तिच्याच कपाटात सरकवून आले. मावसा स्टेशनवर सोडायला आले होते. त्यांनी ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही.

फलाटावर निर्मलाबेन आल्या. ड्युटीवर जायच्या आधी, उधन्यालाच त्यांचं घर आणि आमच्याकडची गाडी त्यांना पाठ. हातात लोचोचा पुडा, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचा मऊसर सुरती ढोकळाच, वर तेल सुटलेलं. मला म्हणाल्या, “तू नाव घेतलं नाही माझं.”

मी खरं म्हणजे त्यांच्याशी गोड बोलायला हवं होतं. पण माझा राग कालपासून जागा शोधत होता. मी म्हटलं, “ताई, तुम्ही बसताच कशाला त्या स्टुलावर? तुम्ही बसता म्हणून ते जातात. तुमच्या जिवावर ते दोन-दोन थिएटरं चालवतात आणि आम्हाला सांगतात की एक मिनिट सोडायचं नाही!”

“मी उठले तर त्या झोपलेल्या माणसापाशी कोण राहील?” निर्मलाबेन म्हणाल्या. “सांग ने. तू उठली असतीस?”

मी पिशवी उचलली. गाडी आली. त्यांनी लोचोचा पुडा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, “गरम आहे तोवर खा.” मी खाल्ला नाही. खिडकीत धरून बसले. बारडोली गेली, व्यारा गेलं, माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. या डॉक्टरांना पक्कं ठाऊक आहे की आम्ही उठणार नाही. आमच्या चांगुलपणाला ओलीस ठेवून त्यांच्या गाड्या शहाद्याला धावतात. नवापूरला बाकडं दिसलं. एक जोडपं फोटो काढत होतं, नवरा महाराष्ट्रात, बायको गुजरातेत. तोवर लोचो थंड झाला होता. मग खाल्ला. थंडसुद्धा चांगला लागत होता, त्याचाही राग आला.

परत

घरी आल्यावर पहिल्या ड्युटीला हर्नियाचं ऑपरेशन होतं. ठरवून ठेवलेलं, घाईचं काही नाही. विखरणकडचे एक म्हातारे बाबा, धोतर सोडायला लाजत होते. मी त्यांना टेबलावर बसवलं, पाठ वाकवायला सांगितली. बोरसे सर हातमोजे घालून आले.

“काय सिस्टर, लुटली का सुरत?”

“नाही सर. घेतलं नाही मला.”

“अरेरे. का?”

“या कामाचा अनुभव नाही म्हणाले.”

सर हसले. आमचे सर्जन डॉक्टरही हात धुता धुता हसले. बोरसे सरांनी सुई हातात घेतली. आणि तेव्हा मला निर्मलाबेनच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. झोपलेल्या माणसापासून उठता येत नाही, हे खरं. पण बाबा अजून बसलेले होते. त्यांचे पाय अजून त्यांचेच होते.

“सर,” मी म्हटलं, “ऑपरेशन होईपर्यंत तुम्ही थांबणार असाल तर सुई द्या. नाहीतर मी बाबांना परत वॉर्डमध्ये नेते.”

“म्हणजे?”

“माझ्याकडे या कामाचा अनुभव नाही, सर. मोठ्या माणसांनी सांगितलंय.”

सर्जन डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी नोकरी त्या बघण्यातच गेली असं मला वाटलं. मी घाबरले होते, त्या बाळंतिणीच्या वेळी घाबरले होते तशीच. पण या वेळी का करायचं ते मला माहीत होतं. ट्रेमधला सरांचा फोन वाजला. शहाद्याचा असणार. तो वाजून थांबला, परत वाजला.

बोरसे सरांनी फोन बंद केला. सुई दिली. बाबांना आडवं केलं, पडदा लावला. मी कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल उचलून आणलं आणि सरांच्या मागे ठेवलं. ते माझ्याकडे न बघता बसले. आज ना उद्या मला याची किंमत मोजावी लागेल, मोजीन. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे आणि तोच प्रश्न आला तर तेच उत्तर देणार आहे.

मी सर्जनच्या बाजूला जाऊन उभी राहिले. पडद्याच्या पलीकडून बाबांचा आवाज आला, “सिस्टर, मना डोकापाशी कोन बठेल शे?”

“डॉक्टर बठेल शेतस, बाबा,” मी म्हटलं.